नाशिकातच पाहिजे

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. तीन महिने सिन्नर, तीन महिने कळवण, मग वणी, मग परत कुठेतरी. एजन्सी पाठवेल तिथल्या हॉस्पिटलात जायचं, त्यांचा स्टाफ कमी असेल तेवढे दिवस भरून काढायचे आणि बॅग उचलायची. अकरा वर्षं हेच करतेय. बॅगेत दोन युनिफॉर्म, एक स्वेटर, एक चप्पल. वजन होतं ते किश्शांचंच!

सध्या मी नवी एजन्सी शोधतेय. जुनीचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. अट एकच, ड्युटी नाशिकातच पाहिजे. घरी सासूबाईंना शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन लागतं आणि इंजेक्शनच्या पेनवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. नवरा अंबडच्या कंपनीत, शिफ्ट बदलती. आणि त्याला सुई बघूनच घाम फुटतो. म्हणजे घरात नर्स असून सासूला इंजेक्शन द्यायला खालचा मेडिकलवाला येतो. हे मी कुणाला सांगत नाही, लाज वाटते.

मग मी माझ्या दोन मैत्रिणींना विचारलं. शोभा सटाण्याकडची आणि जयश्री इथलीच, पंचवटीतली. दोघीही माझ्यासारख्याच बॅगवाल्या. विचारलं, "अगं, कुठली एजन्सी बरी?" उत्तर कुणीच दिलं नाही. किस्से मात्र भरपूर दिले!

*

शोभाची एजन्सी म्हणायची, "राहायची सोय एकदम मस्त. एसी रूम, अटॅच बाथरूम."

सिन्नरच्या हॉस्पिटलात गेली तर खरोखर एसी रूम, अटॅच बाथरूम! फक्त दारावर लिहिलं होतं, 'स्पेशल रूम नं. ४'. पेशंट नसेल तेव्हा सिस्टर तिथे झोपणार आणि पेशंट आला की सिस्टर बाहेर. बॅग कॉटखाली. असा हिशेब.

एकदा रात्रीची ड्युटी करून सकाळी दहाला ती तिथे पडली. अंगावर हॉस्पिटलची हिरवी चादर. दार उघडून एक मध्यमवयीन जोडपं आत आलं. मजला चुकले होते बिचारे. हातात शहाळं. बाई कॉटशेजारी बसल्या, शोभाच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आता बरं वाटतंय का?"

शोभा सांगते, "रंजे, दोन महिन्यांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, नाय वो. आणि शहाळं पिऊन टाकलं!"

*

माझ्या एजन्सीचे सर नकाशातले तज्ज्ञ. कुठलंही गाव विचारा, ते 'जवळच' असतं.

एकदा म्हणाले, "सिस्टर, नाशिकपासून जवळच आहे. हायवे टच." मी निघाले. हायवे संपला, मग डांबर संपलं, मग घाट लागला. पेठच्याही पुढे. शेजारच्या म्हातारीला विचारलं, किती राहिलं? ती म्हणाली, "आता गुजरातच राहिलं!"

पोचल्यावर सरांना फोन केला. "सर, जवळ म्हणजे किती?"

सर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर मॅप उघडा. नाशिक आणि ते, दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतं की नाही?"

दिसत होतं.

*

जयश्रीच्या एजन्सीचा नियम असा की ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात जमा करायची. का? तर विश्वास म्हणून! आपण त्यांच्यावर ठेवायचा, त्यांनी आपल्यावर नाही.

तर जयश्री मालेगावच्या एका हॉस्पिटलात जॉइन झाली. एजन्सीने फाइल थेट मेट्रनकडे पाठवली होती. पहिल्याच दिवशी मेट्रन हजेरी घेतायत, "प्रकाश ब्रदर? प्रकाश ब्रदर आले का?" कुणीच ओ देईना. नव्या चेहऱ्याची एकटी जयश्रीच होती. मेट्रननी फाइल उघडून तिच्यासमोर धरली. फोटो एका दाढीवाल्या पोराचा.

जयश्रीने तिथूनच एजन्सीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "हो का? फाइल बदलली वाटतं. कपाटाची किल्ली सरांकडे आहे, सर गोव्याला गेलेत. आठवडाभर ॲडजस्ट करा ना मॅडम."

जयश्री म्हणाली, "काय ॲडजस्ट करू? दाढी वाढवू?"

पण वाईट याचं वाटतं की तिने आठवडाभर खरंच ॲडजस्ट केलं. मस्टरवर 'प्रकाश' म्हणून सह्या केल्या. मेट्रनही शेवटी दमल्या. म्हणायच्या, "प्रकाश, बेड सातचं सलाइन बघ गं."

*

प्रत्येक एजन्सीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. सकाळी सहाला फुलं, गुलाब, उगवता सूर्य. सातला, 'अर्जंट! येवल्याला दोन सिस्टर पाहिजेत!' आणि दर सणाला एक मेसेज, 'आपण सगळे एक फॅमिली आहोत.'

मागच्या दिवाळीत शोभाची सुट्टी तिसऱ्यांदा कापली. वर तिच्या सरांचा फॅमिलीवाला मेसेज आला. चिडली की शोभा थेट अहिराणीवर येते. तिने ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "फॅमिली शे ना सर? मंग यंदा दिवाळीले तुम्ही या ड्युटीले, मी घर जास!"

दीडशे जणींनी तो ऐकला. एकीनेही अंगठा टाकायची हिंमत केली नाही. सरांनी तिला ग्रुपमधून काढलं. मी म्हटलं, चला, सुटली बाई! पण तासाभरात येवल्याला कुणी मिळेना, म्हणून तिला परत ग्रुपमध्ये घेतलं. वर 'वेलकम टू द फॅमिली'!

*

हे सगळं ऐकून मी ठरवलं, आता शहाणपणाने निवडायचं. गंगापूर रोडला एक नवी एजन्सी उघडलीय. काचेचं ऑफिस, रिसेप्शनला थंड पाण्याची छोटी बाटली, भिंतीवर परदेशी नर्सचा हसरा फोटो. आमच्यातली कुणी ड्युटीनंतर अशी हसताना मी बघितलेली नाही.

साहेब तिशीतले. माझी फाइल चाळली आणि विचारलं, "मॅडम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी म्हटलं, "सर, पुढच्या सोमवारी मी कुठे असेन, ते आधी सांगा."

त्यांनी लॅपटॉपमध्ये बघितलं. "पुढच्या सोमवारी... नंदुरबार."

"मी फॉर्मवर नाशिकच लिहिलंय."

"हो मॅडम, तो तुमचा प्रेफरन्स झाला. ही आमची रिक्वायरमेंट."

पाण्याची बाटली मात्र मी पर्समध्ये टाकली. तेवढा हक्क होता.

*

नाशिकचा एवढा हट्ट कशाला, असं जयश्रीने एकदा विचारलं. तिला वणीचं सांगितलं, तुम्हालाही सांगते. हा हसायचा किस्सा नाही.

देवीच्या गडावर यात्रा होती आणि आमच्या हॉस्पिटलात पाय ठेवायला जागा नव्हती. चढून चढून चक्कर आलेली माणसं, उन्हाने पडलेली माणसं. त्यात एक आजी होत्या, शुगरच्या. त्यांना इन्शुलिन दिलं तर म्हणाल्या, "कळलं पण नाही गं, हात हलका हाय तुझा." मी विचारलं, घरी कोण देतं? "सून देते. शिकलेली नाय, पण एक दिस चुकवत नाय."

अर्ध्या तासाने सासूबाईंचा फोन आला. आमच्या सासूबाई दिंडोरीकडच्या. तीस वर्षं भाजी बाजारात बसलेल्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "सूनबाई, घाबरू नको, विचारायला फोन केला. मेडिकल आज बंद हाय. काल पण तो पोरगा आला नव्हता. तर म्हटलं आज राहू दे, उद्या तीन दिसाचं एकदम घेते. चालंल ना?"

मी पॅसेजमध्येच ओरडले. "आई, असं काही करायचं नाही! एकदम घेतलं तर जीव जाईल!"

"बरं बरं, ओरडू नको. मला काय माहीत? घरात सांगायला कोण हाय?"

त्या दिवशी पन्नासेक माणसांना सुया टोचल्या मी. रडत रडत टोचल्या. पेशंटना वाटलं, सिस्टर फार मायाळू आहे.

*

शेवटी इंदिरानगरात गेले. तिथे एक रिटायर्ड मेट्रन राहत्या घरातूनच एजन्सी चालवतात. सगळ्या त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. काच नाही, बाटली नाही. ओट्यावर कुकर लावलेला आणि डायनिंग टेबलावर फायली.

मी सर्टिफिकेटं पुढे केली. त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली, ओरिजिनल परत माझ्या हातात दिली आणि विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

मी चाट पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"नाशिकातच पाहिजे म्हणणारीच्या घरी कुणीतरी असतंच. माझ्याही होतं." त्यांनी कुकरची शिट्टी मोजली आणि गॅस बंद करून आल्या.

मग म्हणाल्या, "इथल्याच एका हॉस्पिटलात जागा आहे. सकाळी आठ ते चार, वर्षभर. दोघींची नावं आहेत, तुझं आणि अजून एकीचं. शनिवारी फोन करीन. जी आधी हो म्हणेल तिची."

आठ ते चार! म्हणजे सातचं इंजेक्शन देऊन निघायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. अकरा वर्षांत असलं टाइमटेबल मी फक्त शाळेतल्या बाईंचं बघितलं होतं.

*

आता शनिवारचं सांगते. त्याआधी आमच्या घरांतली एक पद्धत माहीत पाहिजे.

आपण ड्युटी करून घरी टेकलो की तासाभरात एजन्सीचा फोन येतोच, 'सिस्टर, एक दिवस फक्त, कुणी नाहीये हो.' आपण त्यांचा नंबर उचलत नाही, हे त्यांना माहीत असतं. मग ते नव्या नव्या नंबरांवरून करतात. म्हणून प्रत्येक नर्सच्या घरी एक माणूस खोटं बोलायला तयार केलेला असतो. शोभाचा नवरा सांगतो, सटाण्याला गेली. जयश्रीची बहीण सांगते, फोन घरी विसरून गेली. माझ्याकडे हे खातं सासूबाईंचं. कोथिंबीर सकाळचीच आहे, असं तीस वर्षं सांगितलेली बाई. पापणी हलत नाही.

शनिवारी सकाळीच मी ड्युटी संपवून घरी आले होते. मोठ्या सिस्टरांचा नंबर सेव्ह केलेला, त्यामुळे निर्धास्त होते. त्यांचा आला की नाव दिसेलच. दुपारी गादीवर पडले, फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकरवरच बोलतात.

फोन वाजला. मी एक डोळा उघडला. अनोळखी नंबर. हाताने खूण केली, नाही म्हणून सांगा.

"हॅलो, रंजना आहे का?"

"नाय बाई. ती वणीला गेली ड्युटीला. पहाटंच गेली."

"कधी येईल?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाच बोटं दाखवली.

"पाच-सहा दिस तरी नाय येत. लय गर्दी हाय म्हणं तिकडं."

"अरेरे! मी इंदिरानगरहून बोलतेय, मुलाच्या फोनवरून. तिला इथली जागा द्यायची होती हो. पण पाच दिवस नाही थांबता येणार. ठीक आहे, मग मी दुसरीला लावते."

मी ताडकन उठून बसले. स्पीकर चालू, बोलले तर खोटं उघडं पडणार. नुसते हात हलवत होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि पदर खोचला.

"थांबा थांबा! आली!"

"कोण आली?"

"सून! ही काय, आत्ता उंबऱ्यात पाय ठेवला बघा!"

"वणीहून?"

"हां! वणीहूनच!"

मला वाटलं, आता फोन ठेवणार. गेली जागा. मग मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मग मावशी, तिला आधी पाणी द्या. लांबून आलीय, दमली असेल. पाणी पिऊन झालं की फोन द्या. मी थांबते."

सासूबाईंनी फोन गादीवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि खरंच माझ्यासाठी तांब्या भरून पाणी घेऊन आल्या!