मॅडमच्या शोकसभेत मी वाचलेला कागद

वनिता मॅडम अजिबात मनमिळाऊ नव्हत्या.

आज कॉलेजच्या हॉलमध्ये चार जणांनी माईकवर त्या मनमिळाऊ होत्या असं सांगितलं. चौघंही खोटं बोलले.

चौथी मी होते.

दुपारपासून राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मिस्टर गेल्यावर, पन्नाशीला आल्यावर मी बी.ए.ला ॲडमिशन घेतली. वर्गातली मुलं मला काकू म्हणायची. लेखनकौशल्याचा पेपर वनिता मॅडम शिकवायच्या. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मी त्यांना घाबरायची.

वाचायची मला सवय होती. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचायची. लिहिलं मात्र कधी नव्हतं.

मॅडमनी पहिला निबंध दिला, जवळच्या माणसाबद्दल. मी मिस्टरांवर लिहिला. म्हणजे खरं तर उतरवला. त्यांच्या तेरवीच्या कार्डावरून.

'मनमिळाऊ, शिस्तप्रिय, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे.'

ते कार्ड मी देवाजवळ ठेवलं होतं. मला वाटायचं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं मराठी असंच असतं.

मॅडमनी भर वर्गात वही वर धरली.

"ताई, हे कोणी लिहिलं?"

मी खरं सांगितलं. दिरांनी प्रेसमधल्या नमुन्यांच्या फाइलीतून निवडलं होतं.

"मग मार्क प्रेसवाल्यालेच देते. यात तुमचे मिस्टर तर कुठंच नाहीत."

पोरं हसली. घरी सक्करदऱ्याला येईपर्यंत ऑटोत मी रडले. पुन्हा कॉलेजात पाय ठेवायचा नाही, असं ठरवलं.

वही उघडली तर खाली लाल पेनाने एकच प्रश्न होता. 'ते घरी आल्यावर पहिलं काय करायचे?'

रागारागात मी उत्तर लिहिलं.

ते कळमना मार्केटमध्ये धान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते. घरी आल्यावर पहिलं म्हणजे ओट्यावर बसायचे आणि पॅन्टच्या दुमडीत अडकलेले हरभऱ्याचे दाणे वेचायचे. तव्यावर भाजून मुलीच्या हातावर ठेवायचे.

मॅडमनी परत लिहिलं, 'हे चांगलं. पण अर्धंच सांगितलं. बाकीचं घाबरून ठेवून दिलं.'

त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही.

बाकीचं असं होतं, की याच माणसाने माझं लायब्ररीचं कार्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. बाईने घरात पुस्तक घेऊन बसलेलं त्यांना आवडायचं नाही. आणि शेवटच्या आजारात, डोळ्यांना दिसेना तेव्हा, पेपर मीच वाचून दाखवायची. मी थांबले की म्हणायचे, "अजून वाच ना वं."

ते मी पाचव्या वेळी लिहिलं. पाचही वेळा मॅडमनी तो निबंध पहिल्या ओळीपासून वाचला. पाचव्या वेळी खाली काहीच लिहिलं नाही, फक्त सही केली.

त्या दिवशी माझे मिस्टर मला कार्डावरच्या फोटोपेक्षा जास्त दिसले. राग आणि माया एकाच पानावर राहू शकतात, हे मला तेव्हा कळलं. कोणी शिकवलं असेल तर या तिरसट बाईने.

मॅडम आजारी पडल्या तेव्हा मी केळी घेऊन दवाखान्यात गेले. म्हणाल्या, "केळी काय आणली? वही आणायची."

परवा त्या गेल्या.

काल विभागप्रमुख सरांचा फोन आला, विद्यार्थ्यांतर्फे चार ओळी लिहून आणा. मी पानभर लिहिलं. भर वर्गात वही वर धरणं, स्टाफरूममध्ये एकटीनं चहा पिणं, पाच वेळा वाचणं, दवाखान्यातली केळी, सगळं.

सरांनी आज सभेच्या आधी तो कागद वाचला. म्हणाले, "ताई, असं नाही चालत. तिची आई येऊन राहिली. चांगलं बोला लागते."

आणि टाइप केलेला दुसरा कागद हातात दिला. वाचून पाहायला वेळसुद्धा दिला नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माईकसमोर उभी राहिले आणि वाचलं. मनमिळाऊ. शिस्तप्रिय. सर्वांच्या सुखदुःखात. तेच कार्ड, तीच फाइल. पुढची ओळही वाचून गेले, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं...' आणि तिथंच थांबले.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. दुसऱ्याच कोणाच्या शोकसभेचा कागद होता तो. वरचं नाव तेवढं बदललं होतं.

एवढी वर्षं या बाईने या कॉलेजात पोरांना लिहायला शिकवलं. तिच्यासाठी कोणाला एक ओळ नवीन लिहावीशी वाटली नाही.

हॉलमध्ये कोणी हललंसुद्धा नाही. ऐकतच नव्हते कोणी.

मी कागदाची घडी केली आणि खाली उतरले. मौन झालं. सरांनी आभार मानले.

मॅडमच्या आई बाहेर सायकल स्टँडजवळच्या बाकावर बसल्या होत्या, ऑटोची वाट पाहत. मला जवळ बोलावलं.

"काहून थांबली वं मधातच?"

मी सांगितलं, तो कागद मॅडमचा नव्हता.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या. "माही पोरगी त्यात दिसलीच नाही."

माझा कागद पर्समध्ये होता. मी त्यांच्या बाजूला बसून वाचला. पहिल्या ओळीपासून, एक शब्द न गाळता. ऑटो आला, त्यांनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

केळ्यांपाशी आले तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या,

"अजून वाच."

मी दुसऱ्यांदा वाचला.

खाली कमेंटमध्ये कृपा करून 'भावपूर्ण' वगैरे लिहू नका. मॅडम तुमच्यावर कधी रागावल्या असतील तर ते लिहा. मी त्यांच्या आईला वाचून दाखवणार आहे.

मॅडम, आज माईकवर मी घाबरले. हे परत लिहून आणलं आहे.

येते.