ओळख न दाखवायची रीत

कचरू वाघचौरे बिअर शॉपी चालवतो हे त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. मोनाली, म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, तिच्या बायोडेटात 'वडिलांचा व्यवसाय : एजन्सी' असं छापलं होतं. कसली एजन्सी, हे मुलाकडच्यांनी विचारलं नाही. त्यांनाही कळलं असावं. गंगापूरकडची जमीन थोरल्या भावानं सांभाळली आणि कचरूच्या नशिबी मामाच्या खटपटीनं मिळालेला हा परवाना आला. गारखेड्याच्या रस्त्याला, मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी त्याचा गाळा. दोन उंच फ्रिज, एक काउंटर आणि दारावरच्या पाटीवर, नियमाप्रमाणं, परवानाधारकाचं पूर्ण नाव. स्वतः कचरू पीत नव्हता. दिवसभर त्या वासात बसल्यावर संध्याकाळी त्याला ताकाशिवाय काही गोड लागायचं नाही.

धंद्यातली पहिली रीत मामानं शिकवली होती. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही आणि बाहेर कुठं दिसलं तर ओळख दाखवायची नाही. "तू त्याला रामराम घातला की त्याची बायको विचारणार, हे कोण वं? मंग त्यानं काय सांगावं?" मामाचं म्हणणं कचरूला पटलं होतं. भाजी बाजारात शाळेचे मास्तर समोरून आले, की कचरूची नजर आपोआप कोथिंबिरीच्या जुडीवर जायची. मास्तरांची मेथीवर.

एका गिऱ्हाइकाला तो नुसतं 'सर' म्हणायचा. ते सर पहिल्यांदा आले तेव्हा थंडीचे दिवस होते. कचरूला ते लक्षात राहिले ते हेल्मेटमुळं. त्याच्या दुकानात लोक हेल्मेट काढत नसत. उलट काही जण रस्त्यापलीकडं गाडी लावून, रुमाल तोंडावर ओढून येत. या गृहस्थांनी हेल्मेट काढलं, पिकल्या केसांवरून हात फिरवला आणि कोणाच्या बैठकीत पाऊल टाकावं तसे आत आले. फ्रिजच्या काचेपुढं हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले.

"त्या कोपऱ्यात बुटकी बाटली आहे, ती बघू शकतो का?"

पुण्याच्या कुठल्याशा छोट्या कारखान्याचा माणूस नमुना म्हणून तो माल टाकून गेला होता. कचरू त्याला विसरूनही गेला होता. सरांनी बाटली फिरवून तारीख वाचली, लेबल वाचलं आणि म्हणाले, "एक द्या."

"लई दिवसापासून पडून हायेत सर. सगळ्याच घेऊन जा की."

"नको. अजून कोणी शोधत येईल. त्याला रिकामा कप्पा दाखवू नका."

कचरूला वाटलं, या मालाला शोधत कोण येणार? पण आठवड्यानं सरच परत आले, आणि काही घ्यायला नाही. एखाद्या पाहुण्याचं नाव-गाव सांगावं तसं ते त्या बिअरबद्दल सांगू लागले. "कचरूभाऊ," ते म्हणाले. नाव त्यांनी पाटीवर वाचलं होतं. "तुमची ती बाटली फार छान निघाली. गव्हाची होती. पाणी मऊ वापरलंय त्यांनी. शेवटी थोडा संत्र्याच्या सालीचा वास येतो. सांगावंसं वाटलं, म्हणून आलो."

इतक्या वर्षांत कचरूच्या दुकानात परत येऊन कोणी कसं लागलं ते सांगितलं नव्हतं. परत येत ते भांडायला. बाटली गार नव्हती, बूच सैल होतं. त्या रात्री जेवताना त्यानं रत्नमालाला सांगितलं, "आज एक माणूस नुसतं बोलायला आला होता."

"दुकानात?" ती म्हणाली.

तेव्हापासून सर येत राहिले. शहरातल्या दुकानादुकानांतून, क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत, ते स्कूटरवरून असल्या बाटल्या शोधत फिरायचे. क्राफ्ट बिअर म्हणतात तिला, त्यांनीच सांगितलं. थोडीथोडी बनते, एकदा आली ती पुन्हा येईलच असं नाही. या शोधण्याचे त्यांचे काही नेम होते. एका वेळी एकच बाटली. आत माल लपवलाय का, असं दुकानदाराला कधी विचारायचं नाही. हातात घेतलेली बाटली ठेवताना लेबल पुढं करून ठेवायची. गर्दी असली तर बाजूला थांबायचं, कारण दुकानदाराची चूल नेहमीच्या गिऱ्हाइकांवर चालते. आणि आपल्यासाठी राखून ठेवायला सांगायचं नाही. "मिळाली तर मिळाली," ते म्हणायचे. "राखून ठेवली की ती मिळाल्यासारखी वाटत नाही."

कचरू त्यांना स्टूल द्यायला लागला. दुपारी दुकान थंड असायचं तेव्हा ते येत. मोनालीचं लग्न जमत नव्हतं त्या वर्षात कचरू त्यांच्यापुढं पुष्कळ बोलला. घरी बोलता येत नव्हतं, कारण घरी सगळं दुकानावर येऊन थांबायचं. सर ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "तुम्ही चोरी करत नाही, कचरूभाऊ. पाटीवर नाव लावून बसलाय." कचरूनं मान खाली घालून काउंटर पुसला. त्याला त्या वाक्याचं किती बरं वाटलं, ते त्यांना कळू नये म्हणून.

स्वतःबद्दल सर बोलत नसत. मुलगी पुण्याला आहे, पहिली बाटली तिनंच आणून दिली, एवढं एकदा बोलण्यात आलं. कचरूनं नाव विचारलं नाही. रीत ती रीत.

हळूहळू असले शोधणारे आणखी यायला लागले. त्यांत शेंद्र्याच्या कंपनीतला सत्यम होता. मोबाइलवर त्यांचा ग्रुप होता. कुठं काय आलं ते कळलं की तो सुसाट यायचा आणि असेल तेवढं उचलायचा. एकदा त्यानं कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या काउंटरवर मांडल्या, तेव्हा सर स्टुलावर होते.

"घ्या की," सर त्याला म्हणाले. "पैसे देताय, तुमचा हक्क आहे. फक्त संध्याकाळी कोणी वाळूजवरून ट्रॅफिकमधून येईल, त्याला कचरूभाऊंनी काय सांगायचं ते सांगून जा."

सत्यम हसला, लाजला आणि निम्म्या परत ठेवून आला. लेबल पुढं करून ठेवा, हेही सरांनी त्याला सांगितलं.

मग मोनालीचं लग्न ठरलं. बीड बायपासच्या एका लॉनवर झालं. कचरू फेटा बांधून व्याह्यांच्या शेजारी दाराशी उभा होता आणि समोरून सर आले. नवऱ्या मुलाकडून आमंत्रण असणार. सोबत काठापदराच्या साडीतल्या बाई होत्या, त्यांच्या पत्नी. कचरूनं फेटा सारखा केला. व्याही पुढं होऊन म्हणाले, "या साहेब, या! हे आमचे व्याही." सरांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार. आनंद झाला." कचरूनंही हात जोडले. दोघं एकमेकांकडं पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहत होते. मग बाईंनी सरांना जेवणाकडं नेलं.

पुढच्या आठवड्यात सर दुकानात आले आणि स्टुलावर बसून खूप हसले. "काय नाटक केलं हो आपण दोघांनी!" कचरूही हसला. हसता हसता सर थांबले. "पण वाईट वाटलं मला. मुलीच्या लग्नात तुमचा हात हातात घ्यायचा होता."

"मलाबी सर," कचरू म्हणाला. दोघांनी मग तिथं, काउंटरवरून, हात मिळवला. बाहेर एक गिऱ्हाईक रुमाल बांधून ताटकळत होतं.

त्या हिवाळ्यात पुण्याहून गूळ-सुंठ घातलेली एक काळसर बिअर आली. वर्षातून एकदाच काढतात आणि सर तिची दिवाळीपासून वाट पाहत होते. माल आला त्याच संध्याकाळी ग्रुपवाल्यांनी कप्पा रिकामा केला. कचरूनं एक बाटली फ्रिजच्या तळाशी पाण्याच्या बाटल्यांमागं ठेवली. सरांचा नेम त्यानं सरांसाठीच मोडला. रागावतील, पण घेतील, असं त्याला वाटत होतं.

सर आले नाहीत. आठवडा गेला, दुसराही सरत आला. गावाला गेले असतील, पुण्याला मुलीकडं असतील. फोन करावा तर नंबर नव्हता. विचारावं तर कोणाला आणि काय नावानं? व्याह्यांना विचारलं तर ओळख कुठली, ते सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी दुकान उघडायला निघालेला कचरू चौकातल्या सिग्नलला थांबला. खांबाला नवा फ्लेक्स बांधला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोत सर टोपी घालून बसले होते, म्हणून त्याला आधी ओळखू आले नाहीत. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी तो हलला नाही. मग गाडी कडेला घेऊन त्यानं फ्लेक्स वाचला. कै. रामकिसन नवथर. सेवानिवृत्त उपअभियंता, पाटबंधारे विभाग. शोकाकुल, द्वारकाबाई, सायली आणि समस्त नवथर परिवार. दशक्रिया विधी, शनिवारी सकाळी, गोदाकाठ, पैठण.

आयुष्यभर पाण्याचं काम केलेला माणूस! म्हणून प्रत्येक बिअरच्या पाण्याचं सांगायचे. एवढी साधी गोष्ट त्याला चौकातल्या खांबावरून कळली, बाकीच्या अनोळखी लोकांना कळली तशीच.

दुपारी सत्यम आला. "ती गुळाची एखादी राहिली असेल का हो?" मग स्वतःच चपापला. "नाही, आत आहे का असं विचारत नाही मी. सहज."

कचरूनं फ्रिजच्या तळातून बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली.

"अरे! काकांसाठी ठेवली होती का? कुठंयत ते? दिसले नाहीत."

"गेले," कचरू म्हणाला. सत्यमनं बाटलीवरचा हात मागं घेतला. कचरूनं ती पुन्हा पुढं सरकवली. "घ्या तुम्ही. त्यांना राखून ठेवलेली आवडत नव्हती."

शनिवारी पहाटे कचरू मोटरसायकल काढून निघाला. रत्नमालाला 'दहाव्याला जाऊन येतो' एवढंच सांगितलं. बिडकीन मागं पडलं तेव्हा उजाडत होतं. थंडीनं बोटं आखडली होती. आपण तिथं कोण म्हणून बसायचं, हा विचार त्यानं वाटभर टाळला.

घाटावर माणसं पुष्कळ होती. कचरू सगळ्यांत मागच्या सतरंजीवर बसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठले पाव्हणे?" "संभाजीनगर," तो म्हणाला, आणि तेवढ्यावर भागलं. प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. शेवटी सरांचे धाकटे भाऊ माइकपाशी आले. आवाज कापत होता. "आमच्या दादानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही," ते म्हणाले. "असा निर्व्यसनी माणूस आमच्या घरात झाला, हीच आमची इस्टेट." लोकांनी माना हलवल्या. कचरूनंही हलवली. त्याला हसू आलं नाही. सरांना स्कूटरच्या डिक्कीत एकेक बाटली कापडात गुंडाळून घरी नेताना काय वाटत असेल, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. बायामाणसांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. कसली इच्छा मागं राहिली नव्हती. कचरूलाही बरं वाटायला हवं होतं. पण दिवाळीपासून वाट पाहिलेल्या त्या बिअरची त्यांना आठवणही नसावी, आणि आपण मात्र पंधरवडाभर दाराकडं बघत बसलो, हे मनाला लागलं.

लोक उठले, चहा फिरू लागला. कचरू चप्पल शोधत होता तेव्हा एक तरुण बाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. जरा मागं ते धाकटे भाऊ चुलत्याच्या नात्यानं तिच्यावर लक्ष ठेवून उभे होते.

"मी सायली. तुम्ही बाबांच्या ओळखीचे?"

"व्हय ताई. गारखेड्याला राहतो."

"गारखेड्याला?" तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "तुम्ही कचरूभाऊ का? बाबा फोनवर नेहमी सांगायचे, गारखेड्यात माझा एक मित्र आहे. मला भेटायचंय त्यांना. बाबा काय काय बोलायचे त्यांच्याबद्दल..."

काका दोन पावलं जवळ आले. "कोण गं? कसली ओळख?"

कचरूनं त्यांच्या ओल्या डोळ्यांकडं पाहिलं. नुकतंच ते माइकवर रडले होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की दुकान कसलं?

"नाय ताई, मी तो नव्हं," तो म्हणाला. "माझं झेरॉक्सचं दुकान हाय. साहेब पेन्शनचे कागद काढायला यायचे."

"असं," सायली म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "त्यांचा नंबरही नाही माझ्याकडं. कुठं दिसले तर सांगाल त्यांना?"

"सांगतो."

तो गाडीपाशी येईपर्यंत नीट चालला. मग हँडलला धरून उभा राहिला. सर काय काय बोलायचे, ते तिनं सांगितलं असतं. ती सांगायलाच आली होती.

दुपारी घरी पोचला तेव्हा रत्नमालानं मोरीत गरम पाणी काढून ठेवलं होतं. दहाव्याहून आल्यावर अंघोळ करूनच घरात यायचं असतं. तो आत गेला आणि फार वेळ बाहेर आला नाही. पाण्याचा आवाज थांबला, तरी कडी वाजली नाही. तिनं दारावर हात ठेवला, हाक मारली नाही.

जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "कोण लागायचे तुमचे?"

"गिऱ्हाईक." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ताटात तसाच ठेवला. "नाय. गिऱ्हाईक नाय."

रत्नमालानं ताकाचा पेला त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "आज नका उघडू दुकान."

"शनिवार हाय," कचरू म्हणाला. "लोकं येऊन परत जातील."

त्यानं कसंबसं ताक घेतलं, तोंडावरून ओला हात फिरवला आणि किल्ल्या घेऊन बाहेर पडला.