दाजींची डावी चप्पल

आक्काचा फोन आला तेव्हा मी केडगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. "तुझं दाजी उठंनात रे," एवढंच ती म्हणाली. शिरूरला पोचलो तर दारात दाजींच्या चपला नेहमीसारख्या शेजारी शेजारी... उजवी झिजलेली, डावी कोरी, आतला नंबरसुद्धा न पुसलेला. रडू मला तिथंच फुटलं.

शांतारामदाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. न्हावऱ्याच्या रस्त्यावर एका टेम्पोनं त्यांना उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुबड्या आल्या, तरी चपला ते जोडीनंच घ्यायचे आणि जोडीनंच दारात मांडायचे. "एक कोन इकतंय? आन् पाय गेलाय कुठं, दिसत न्हाई एवढंच," म्हणायचे. नसलेल्या पायाला खाज सुटली की सतरंजीवरच्या रिकाम्या जागी नखं फिरवायचे आणि त्यांचा चेहरा खरोखर निवायचा. आम्ही हसायचो, पण अंगावर काटा यायचाच.

भरपाईचा दावा भावकीतल्याच एका वकिलांकडे दिला होता. जिभेवर साखर. "तुमचं काम झालंच समजा," असं दर वेळी ऐकवायचे, चहा पाजायचे. पुढची तारीख का पडली ते मात्र कधी सांगायचे नाहीत. आक्का त्यांच्यावर खूश. दाजी एकदा कमरेपासून खाली शाल पांघरून त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "सायेब, माझा कुठला पाय गेला?" साहेबांनी फायलीवर हात ठेवला, हसले, म्हणाले, "उजवा ना!" दाजींनी कप खाली ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्याला माझा पाय ठावं न्हाई, त्यो जजला काय दाखवनार? कागदं माघारी घे."

मग दौंडच्या वकीलबाई मिळाल्या. बोलणं फटकळ. हेल्मेट होतं का, प्यायला होतात का, खोटं सांगाल तर समोरचा वकील उघडं पाडेल... आक्काचा पारा चढला. "ही आपली हाय का टेम्पोवाल्याची?" दाजी मात्र खुशीत. नको ते प्रश्न आपल्याच माणसानं आधी विचारलेले बरे, हे त्यांचं गणित. बाई अपघाताची जागा स्वतः बघून आल्या. शालीची परीक्षा त्यांचीही झाली. त्यांनी फायलीकडे पाहिलंही नाही. "डावा. आणि तो अजून दुखतो का? डॉक्टरांकडून लिहून घेऊ, कोर्टापुढे यायला हवं ते." दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा नसलेला पाय मानणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

दाजींना जाऊन महिना होत आला, तोच जुने वकील घरी हजर. आता माणूसच राहिलं नाही, केस कुठवर ओढणार, विमा कंपनीशी माझं बोलणं झालंय, तडजोडीवर सही करा आणि मोकळ्या व्हा... आक्का खचलेली. वकीलबाई रोखठोक सांगून गेल्या होत्या, "वारसांची नावं लावू. दावा सोडायचा नाही. पण वेळ लागेल आणि मागितलं तेवढं मिळेलच असं नाही." इथं नुसतं गोड होतं. तिनं पेन हातात घेतलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबून म्हणाली, "भावजी, ह्यांचा कुठला पाय गेला हुता?"

वकील हुशार. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी हळूच दारातल्या चपलांकडे पाहिलं. ते काय शोधतायत ते मलाही कळलं... कोरी कुठली. पण त्यांची नजर एका चपलेवरून दुसरीवर गेली, परत आली आणि तिथंच अडकली. "उजवा," ते शेवटी म्हणाले. आक्कानं पेनाला टोपण लावून ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "या तुमी."

ते गेल्यावर मी दाराशी वाकलो. दोन्ही चपला सारख्याच झिजलेल्या. डावीचा नंबर पुसलेला, टाच बाहेरच्या अंगानं खाल्लेली, दाजींची नेहमी जायची तशीच. त्या मापाचा पाय घरात दुसऱ्या कुणाचा नाही. "आक्का, ही कोन घालतं?" मी विचारलं. "कोन घालनार? हात लावू नगंस," ती आतूनच म्हणाली.

वारसांची नावं लागली, केस चालू आहे. तारखेला निघताना आक्का कुलूप लावते आणि ती जोडी पायरीवर, तोंड रस्त्याकडे करून ठेवते. मीही सोबत असतो. परत येतो तेव्हा उजवी ठेवली तशीच असते. डावीला धूळ लागलेली असते.