लुगड्यात बांधलेलं दफ्तर

तातेराव रोज सकाळी बदनापूरला गाडीत बसायचे, जालन्याला उतरायचे आणि तिथून पायी जुन्या दफ्तराकडे निघायचे. खिशात किल्ली, पिशवीत भाकरी आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला. सोळा वर्षं यात बदल झाला नाही.

जुनं दफ्तर म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला आणि गावोगावचे जुने कागद ट्रकांत भरून इकडे आले. नव्या कचेरीत त्यांना जागा नव्हती. ‘तात्पुरते ठेवा’ असा हुकूम निघाला. कागद रुईच्या जागी उतरले. तातेराव शिपाई म्हणून ट्रकाबरोबर आले होते. साहेबांनी एक पान उलटसुलट करून विचारलं, “हे कुणाला वाचता येतं का?” निजामाच्या अमलात तातेराव उर्दू चौथी शिकले होते. त्यांनी हात वर केला. त्या दिवसापासून ते दफ्तरी झाले.

पत्रे गळायचे, जमिनीतून वाळवी यायची. पावसाळ्याआधी ते उत्तरेच्या भिंतीचे सगळे गठ्ठे दक्षिणेला नेत आणि दिवाळीनंतर परत आणत. वाळवी मारायच्या गोळ्या-पावडर वरच्या ऑफिसातून कधी आली नाही, म्हणून लिंबाचा पाला. प्रत्येक गावाचे कागद लाल कापडात बांधलेले असत. अशा गठ्ठ्याला दफ्तरात रुमाल म्हणतात. हाताखाली भिवा नावाचा शिपाई दिला, तेव्हा तातेरावांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, “लाल रुमाल म्हणजे कायमचा कागद. लालाला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. साहेब आला तरी न्हाई.”

“अन् बाकीचं, तात्या?”

“बाकी काय, फुटकळ. हजेरीपत्रकं, पावत्या, असंच.”

भिवा सरळ माणूस. त्यानं ते पाठ केलं.

८६ साली लाल कापड येणं थांबलं. तातेराव दरवर्षी मागणी लिहीत. दरवर्षी पोच यायची, कापड यायचं नाही. सगळ्यात जुन्या कागदांचं कापड सगळ्यात आधी विरलं. ५४ सालची खासरा पाहणी, म्हणजे कुठलं रान कुणाच्या नावावर आणि कसतं कोण, हे ज्यात लिहिलंय ते उर्दूतले कागद, उघडे पडले. तातेरावांनी घरी येऊन बायकोकडे जुनं लुगडं मागितलं.

“बोहारणीला देणार व्हते मी,” चांगुणाबाई म्हणाल्या. “भांडं आलं असतं.”

“कागद उघडे पडले, चांगुणा. जुनं सुती कापड लई चांगलं. हवा खेळती.”

एका नऊवारीतून चार रुमाल निघत. दहा-अकरा वर्षांत बरीच लुगडी गेली. हिरवं, जांभळं, एक पोपटी, ते भावानं दिवाळीला घेतलेलं. चांगुणाबाई शेजारणीला सांगत, “माझी लुगडी सरकारी नोकरीला लागली. मीच तेवढी घरी राह्यले.”

पुढं कापड आलं की लाल बांधू, असं तातेराव म्हणत. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी उर्दूतच लिहिल्या होत्या. कागद उर्दू, तर चिठ्ठीही उर्दू. वरच्या ऑफिसचे अव्वल कारकून काकासाहेब एकदा म्हणाले, “तातेराव, मराठीत यादी करून ठेवा. उद्या तुम्ही नसलात तर?”

“मी हाये ना,” तातेराव म्हणाले.

९७ सालच्या डिसेंबरात वडीगोद्रीपलीकडच्या एका वस्तीवरून आसराबाई आल्या. धनगराघरची बाई. तिच्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं जन्मभर जे रान कसलं ते आता दुसराच आपलं म्हणत होता. नवरा वारला होता. वकिलानं सांगितलं होतं, ५४ सालच्या कागदावर सासऱ्याचं नाव असेल तर नक्कल आणा, नाहीतर येऊ नका. पुढच्या महिन्यात तारीख होती.

तातेराव तासाभरात जांभळा रुमाल घेऊन आले. बोटानं ओळ लावत उजवीकडून डावीकडं वाचलं. “म्हस्कू वल्द राणोजी. राणोजीचा म्हस्कू. हाच ना?”

“मामंजीच की!” आसराबाईंनी कागदाला हात लावून कपाळाला लावला. “काय लिव्हलंय?”

“कब्जेदार. स्वतः कसतो. खाली तिसऱ्या ओळीत एक विहीर, दोन आंबे.”

“आंबे बी लिव्हलेत?” ती हसली. “एक पडला बघा दादा, औंदाच.”

नकलेवर साहेबांची सही लागते आणि साहेब दौऱ्यावर होते. “सोमवारी या,” तातेराव म्हणाले. “इतक्या वर्षांत इथून कुणाला ‘कागद न्हाई’ असं लिहून दिलं न्हाई मी.” सोमवारी शोधाशोध नको म्हणून तो रुमाल त्यांनी दाराजवळच्या बाकावर काढून ठेवला.

रविवारी चांगुणाबाई गेल्या. दुपारी धुणं वाळत घालताना बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

तातेरावांनी तेरावं केलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. दफ्तराचं दार उघडंच होतं; दुसरी किल्ली वरच्या ऑफिसात असायची. आत अर्धं गोदाम मोकळं आणि त्यात मतपेट्या छतापर्यंत रचलेल्या. निवडणूक लागली होती. दाराजवळचा बाक रिकामा होता.

भिवा धावत आला. “तात्या, वहिनीचं कळलं, पण इथून हलताच येईना. काकासाहेब ट्रक घिऊन आल्ते. अर्धी जागा आजच्या आज पाहिजे म्हणले. कायमचं काय अन् फुटकळ काय, दाखव म्हणले. मी बिलकुल हात लावू दिला न्हाई लालाला. एक रुमाल हालला न्हाई. मोजून घ्या.”

“अन् लुगड्यातले?”

“ते... ते तर वहिनीचे ना? घरचं कापड. मला वाटलं, फुटकळ म्हणूनच घरच्या कापडात बांधलंय.”

लाल म्हणजे कायमचा कागद, बाकी फुटकळ. हे तातेरावांनीच भिवाला शिकवलं होतं.

वरच्या ऑफिसात काकासाहेबांनी चष्मा काढला. “यादी मागितली होती तुम्हाला. चिठ्ठ्या कुणाला वाचता येतात? मी काय ओळखायचं?” मग हळूच म्हणाले, “रद्दीवाल्याकडं बघा. बघून या एकदा.”

रद्दीवाला भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली. “माल त्याच दिवशी कारखान्यात गेला, चाचा. लगदा बनून गेला असेल.” मग कोपऱ्याकडं बोट केलं. “कारखान्याला कापड चालत नाही. तेवढं सोडून घेतलं.”

कोपऱ्यात हिरवं होतं, पोपटी होतं, जांभळं होतं. काही गॅरेजवाल्यांनी ऑइल पुसायला नेलं होतं. कापडाला अजून लिंबाच्या पाल्याचा वास होता. तातेरावांनी पिशवीतली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि सगळे तुकडे पिशवीत भरले. भाकरी तिथंच राहिली.

आसराबाई दोनदा येऊन गेल्या होत्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तातेराव जागेवर होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

“वकिलाला काय सांगू?”

“तसं लिहून द्यावं लागतं.” तातेरावांनी कागद घेतला. ‘सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.’ हे वाक्य ते पहिल्यांदाच लिहीत होते. सही घेऊन आले, शिक्का मारला आणि तिला वाचून दाखवलं.

“म्हंजी मामंजी नव्हतेच का?”

“होते. म्हस्कू वल्द राणोजी. तिसऱ्या ओळीत विहीर, दोन आंबे. मी वाचलंय.”

“मंग दादा, तेच लिहून द्या की. तुमच्या हातानं.”

“माझ्या लिहिण्याला किंमत न्हाई, बाई. कागद पाहिजे.”

मग तिनं दाखला दुमडला. दोनदा, चारदा. पदराच्या गाठीत बांधू लागली.

“तसा नका नेऊ,” तातेराव म्हणाले. “घाम लागतो. शाई पसरते.”

त्यांनी पिशवीतून जांभळा तुकडा काढला. दाखला उलगडून सरळ केला, कापड चारी बाजूंनी वर घेतलं आणि वर नेहमीची गाठ मारली. गठ्ठा अगदीच पातळ झाला. एका पानाचा. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीनं कपाळाला लावला.

मे महिन्यात तातेराव निवृत्त झाले. किल्ली भिवाकडं दिली. भिवानं विचारलं, “तात्या, आता काय सांभाळायचं ते सांगा.” तातेरावांनी गठ्ठ्यांच्या रिकाम्या मांडण्यांकडं आणि मतपेट्यांकडं पाहिलं आणि पिशवी उचलली. पाच वाजत आले होते. पॅसेंजरची वेळ झाली होती.