वाढत्या अंगाचा गणवेश

तिचं खरं नाव पुकारलं, तर आमच्यातले निम्मे जण कोण ही बाई म्हणून मान वळवून बघतील. आमच्यासाठी ती टाचणीताई, आमच्या मालिकेचा कपडेपट सांभाळणारी. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सदानकदा चार-पाच टाचण्या धरलेल्या, आणि त्या तशाच ठेवून ती बोलायची, ओरडायची, हसायचीसुद्धा. टाचण्या निघायच्या त्या फक्त जेवताना, नाहीतर खरोखर गंभीर काही बोलायचं असलं तर. तिने टाचण्या काढल्या की अख्खा कपडेपट चिडीचूप व्हायचा.

आमची टीव्ही मालिका सातवीच्या वर्गावर होती आणि ती मी लिहीत होतो. सातवी निवडली म्हणून मला पहिल्या दिवसापासून बोलणी खावी लागली. साहेबांचं, म्हणजे आमच्या निर्मात्यांचं, म्हणणं असं की बालवर्ग दाखवला की लोक 'किती गोड' म्हणतात, कॉलेज दाखवलं की प्रेम दाखवता येतं. ही मधली शाळा दाखवून काय पदरात पडणार? ही पोरं धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत. मी म्हटलं, साहेब, तेच तर दाखवायचंय. बाकावर आपल्या शेजारी उद्या कोण बसणार, एवढ्यावर या वयात जीव टांगणीला लागलेला असतो. साहेबांनी मान डोलावली ती मला कटवायला. पण मालिका चालली, चांगली दणक्यात चालली, आणि तिसरं वर्ष उजाडलं तरी आमचा वर्ग सातवीतच होता. पोरांना पास करायचं नाव काढलं की साहेब म्हणायचे, "चालत्या गाडीला कशाला खीळ घालता?"

शाळा म्हणजे स्टुडिओतला एक लांबोडका हॉल. फळा खरा, खिडक्या खऱ्या, खिडकीबाहेरचं झाड मात्र कापडावर रंगवलेलं. पण पडद्यावर तो वर्ग खरा वाटायचा, आणि माझे संवाद बाजूला ठेवून सांगतो, तो टाचणीताईमुळे खरा वाटायचा. दुकानातून आलेले कोरे गणवेश तिच्या डोळ्यांत खुपायचे. "हे वर्गात बसणार आहेत की बॅंड वाजवणार आहेत?" असं म्हणून ती ते धू धू धुवायची, कोपरांवर पॉलिशपेपर घासायची, खिशांत खडे भरून आठवडाभर टांगून ठेवायची म्हणजे खिसे लोंबायचे. प्रत्येक शर्टाचं एक बटण ती मुद्दाम जरा वेगळ्या पांढऱ्याचं लावायची. आणि गणवेश शिवायची तो वाढत्या अंगाचा. बाह्या बोटांपर्यंत, स्कर्टला आत चांगली चार बोटं दुमड. दिग्दर्शकाला मापातले कपडे हवे होते. तो कुरकुरला, तर ही टाचण्यांआडून म्हणाली, "सातवीतल्या पोराला मापात गणवेश घेणारी आई मला एक दाखव, मग सगळे उसवते." तो काही आई घेऊन आला नाही.

या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची चिमणी. निवडली तेव्हा एवढीशी होती, बाकावर बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून सगळे चिमणी म्हणायला लागले. पुढे पाय टेकले, मग गुडघे बाकाला अडकायला लागले, पण नाव चिमणीच राहिलं. टाचणीताईला स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि त्याचं तिला फारसं दुःखही नव्हतं. "तीस पोरं आहेत की, नाकं पुसून हात दुखतात," म्हणायची. पण चिमणीवर तिचा विशेष जीव. ती वाढली की ताई गुपचूप स्कर्टची दुमड बोटभर सोडायची, बाह्या ढिल्या ठेवायची, म्हणजे पडद्यावर पोरगी लहानच दिसायची. चिमणी वाढत होती आणि ताई ते झाकत होती, असं बिनबोभाट चाललं होतं.

आणि मग ताईच्याच हातून घोळ झाला. आमच्याकडे घरातले प्रसंग एका आठवड्यात उरकायचे आणि शाळेतले दुसऱ्या. एका भागात चिमणी सकाळी घरातून निघते आणि शाळेत येते. घरातलं चित्रण होऊन गेलं होतं. दहा दिवसांनी वर्गातलं सुरू झालं, तेव्हा बाकावर बसताना चिमणीचा स्कर्ट गुडघ्यांच्या वर सरकायला लागला. पुढच्या बाकावरची दोन कार्टी फिदीफिदी हसली. चिमणी दप्तर मांडीवर घेऊन बसली, उठेचना. टाचणीताईने ते बघितलं, तिला आडोशाला नेलं आणि उरलेली सगळी दुमड सोडून टाकली. घरातला प्रसंग आखूड स्कर्टात झालाय, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. कपड्यांच्या बाबतीत ताई विसरली, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण मालिका बघत होती सहावी-सातवीची पोरं, त्यांच्या नजरेतून काय सुटतं? घरून निघताना चिमणीचे गुडघे उघडे, शाळेत पोचली तर झाकलेले, आणि स्कर्टच्या खालच्या कडेला न उडालेल्या रंगाचा गडद पट्टा. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून पोरांनी फोनवर फिरवली. खाली लिहिलं, 'वाटेत स्कर्टला खत घातलं वाटतं!' मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. ते तडक सेटवर आले, चिमणीला फळ्याशी उभी केली आणि म्हणाले, "अरे, ही केवढी झालीये! ही सातवीत? लोक आपल्याला वेड्यात काढतील. दुसरी मुलगी बघा, लहानखुरी." सोमवारी नवी मुलगी येणार, असं ठरलंसुद्धा. चिमणीचा स्कर्ट कापून त्या नव्या मुलीच्या मापाचा करायला ताईला निरोप गेला.

मी कपडेपटात गेलो तेव्हा चिमणी इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर बसली होती. रडत नव्हती. तिने विचारलं, "ताई, मी थोडी वाकून चालले तर?"

टाचणीताईने एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या आणि माझ्याकडे वळली.

"चूक माझी. पोरीला का शिक्षा?"

"ताई, तो भाग लोकांनी बघून झाला. आता काय करणार?"

"घर आणि शाळा यांच्यामध्ये काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ते लिहा."

"झालं काय असेल मध्ये?"

"मला काय विचारता? लेखक तुम्ही!"

मी चिडलो. मला कुणी माझं काम सांगितलेलं खपत नाही. त्याच तिरमिरीत विचारलं, "बरं, तुमचा स्कर्ट आखूड झाला की तुम्ही काय करायचात, सातवीत?"

ती जराशी लाजली. "शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन कर्कटकाने दुमड उसवायचे. कंपासपेटीत दुसरं टोकदार असतं काय? आईला सांगायची लाज वाटायची. आणि तिच्या आपणहून लक्षात येईल म्हणून मी आठ-आठ दिवस वाट बघायचे." ढिगावरून चिमणी म्हणाली, "मी पण वाट बघत होते. तुमच्या लक्षात आलं."

मी तो प्रसंग तासाभरात लिहिला. त्यात संवाद नव्हताच. पुढच्या भागात मागे जाऊन दाखवायचं, की शाळेची घंटा व्हायच्या आधी मुलगी बाथरूममध्ये शिरते, कडी लावते, कंपासपेटी उघडते आणि कर्कटकाच्या टोकाने एकेक टाका तोडते. साहेबांना सांगितलं, घोळ निस्तरायला एवढा एक प्रसंग चिमणीवर घेऊ, मग काय ते करा. ते खुर्ची टाकून बघायला बसले. चिमणीने टाके उसवले, हाताने कड खाली ओढली, गडद पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि आरशात बघितलं. मग पाठ ताठ केली. ती पाठ ताठ करायची सूचना माझी नव्हती.

"कट" झालं तरी साहेब जागचे हलले नाहीत. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला. सेटवर सामसूम होती म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"अगं, आपली पोरगी कितवीत आहे?" जरा थांबले. "नववीत? कधी गेली?"

फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे आले आणि खेकसल्यासारखं म्हणाले, "आठवीत घाला सगळ्यांना. तुम्हाला आधी सुचत नाही का?" दोन वर्षं हेच सांगून माझं तोंड दुखलं होतं. पण मी इतका खूश झालो की गप्प बसलो. त्या नव्या लहानखुऱ्या मुलीलाही परत पाठवली नाही. आठवीत नवीन आलेली म्हणून पहिल्या बाकावर बसवली. चिमणीने कपडेपटात एवढा धिंगाणा घातला की इस्त्रीचा ढीग पुन्हा इस्त्रीला गेला, आणि टाचणीताई तिला ओरडत होती, पण आवाज काही चढत नव्हता.

आठवीचे गणवेश आले. पुन्हा धुणं, घासणं, खिशांत खडे. चिमणीच्या स्कर्टचं माप बघायला साहेब स्वतः डोकावले, तर ताईने दुमड आत घेतली होती तब्बल सहा बोटं.

"एवढी?" साहेब म्हणाले.

"वाढत्या अंगाचा आहे," टाचण्यांआडून उत्तर आलं.

बाकीच्या पोरांच्या दुमडी तिने मशीनवर पक्क्या मारल्या. चिमणीची मात्र मांडीवर घेतली आणि हाताने, लांब लांब, सैल टाके घातले. मी म्हटलं, ताई, हे उसवेल की. तिने गाठ मारली, दोरा तोडला आणि स्कर्ट चिमणीच्या हातात दिला.

"कर्कटक आहे ना पेटीत?" तिने विचारलं. "मग आता माझी वाट बघू नकोस."