उलट्या वाट्या

माझ्या पहिल्या नोकरीत मी नसलेल्या बायकांसाठी दागिने घडवत होते. हे वर्णन बाबांचं. ते कसबा पेठेत सोनारकाम करायचे, मोठ्या दुकानांसाठी नथी आणि मंगळसूत्राच्या वाट्या घडवायचे. धाकटी काय करते असं कुणी विचारलं, की हातातलं काम न थांबवता सांगायचे, "नसलेल्या बायकांना नसलेले दागिने पुरवते. बरं चाललंय."

दोन हजार आठच्या आसपासची ही गोष्ट. इंटरनेटवर एक खोटं जग होतं. देशोदेशीची माणसं तिथे आपापला अवतार घेऊन हिंडायची, घरं बांधायची, लग्नंसुद्धा लावायची. त्या अवतारांचे दागिने कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये, आमच्या सहा जणांच्या कंपनीत तयार व्हायचे. ऑर्डर मेसेजवर यायची. गिऱ्हाईक बाई आहे की बुवा, अमेरिकेतलं आहे की आळंदीचं, काही कळायचं नाही.

साहेबांच्या डोक्यात एकदा मराठी सेट काढायचं आलं. सोनाराची मुलगी म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी जरा फुशारलेच. ठुशी, नथ आणि दोन वाट्यांचं मंगळसूत्र. एक वाटी ठोकून आकाराला आणण्यात बाबांची अख्खी दुपार जायची. मी स्क्रीनवर एक वाटी केली आणि तिचीच नक्कल शेजारी चिकटवली, झालं काम. बाबांना प्रिंट दाखवली तर म्हणाले, "दोन्ही वाट्या एकाच घरच्या दिसतात." आमच्यात एक वाटी माहेरची असते, एक सासरची. मी म्हटलं, तिकडे कोण बघायला बसलंय.

सेट विकायला ठेवला आणि चौथ्या दिवशी एक मंगळसूत्र परत आलं. सोबत इंग्रजीत एकच ओळ: वाट्या उलट्या हव्यात.

मला हसू आलं. कुणा गोऱ्या बाईने एखाद्या नवरीचा फोटो पाहिला असणार. आमच्याकडे लग्नात मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या असतात, पोकळ बाजू बाहेर. सोळाव्या दिवशी मुलगी माहेरी येते आणि त्या सुलट्या करून घेते. ते उलटेपण तेवढ्या दिवसांचंच. मी मंगळसूत्र तसंच परत पाठवलं आणि चार ओळींत शिकवणीही दिली.

मंगळसूत्र पुन्हा परत आलं, आणि या वेळी उत्तर मराठीत, रोमन अक्षरांत लिहिलेलं. "पद्धत माहीत आहे. उलट्याच हव्यात."

आता मात्र मला राग आला. माणूस पुण्याचं असलं की माहीत आहे म्हणणाऱ्याला जास्तच सांगावंसं वाटतं. मी लिहिलं, "माहीत आहे ना, मग सोळा दिवस झाल्यावर सुलट्या करतात हेही माहीत असेल. आपल्या माहितीसाठी." आणि पुन्हा सुलटंच पाठवलं.

दोन दिवसांनी ते तिसऱ्यांदा परत आलं. या वेळी मेसेज मोठा होता. "सोळावा दिवस झालेलाच नाही. आणि दोन्ही वाट्या सारख्या करू नका. डावी थोडी लहान, जास्त खोल. आतून, कडीच्या खाली एक टिंब."

मी तो वाचला, पुन्हा वाचला. वाटीच्या आत कडीखाली टिंब ठोकायची सवय पेठेत एकाच माणसाला होती. आणि विकायच्या वाट्यांवर ते कधीच नसायचं. बाबांनी ते टिंब फक्त घरच्या वाट्यांवर काढलं होतं: आईच्या, आणि गेल्या वर्षी ताईच्या.

ताई माझी मोठी बहीण. तिचा नवरा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. तीन आठवड्यांच्या रजेवर आला, मुलगी बघितली, लग्न केलं आणि लग्नानंतर नवव्या दिवशी विमानात बसला. ताईचा व्हिसा झाला की ती जाणार होती. पासपोर्ट मुंबईला वकिलातीत गेलाय, असं तिच्या सासूबाई अकरा महिने सांगत होत्या. बाबा अख्ख्या पेठेला तेच सांगत होते. सोळाव्या दिवशी आम्ही पुरणपोळी करून वाट बघितली, तर सासूबाईंचा फोन आला, "वाट्या आम्हीच सुलट्या केल्या, उन्हाचं कशाला पाठवायचं तिला." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

ताईचं सासर माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर होतं. मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जायचे. सासूबाई मधे बसायच्या, ताई पोहे आणून द्यायची, सगळं छान आहे म्हणायची. व्हिसा येईपर्यंत वेळ जावा म्हणून त्या घरातल्या कॉम्प्युटरवर ते खोटं जग मीच तिला घालून दिलं होतं.

मी जेवणाचा डबा तसाच टाकून स्कूटर काढली.

दार सासूबाईंनी उघडलं. "अगं, आज कामाच्या दिवशी?" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. ताई बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या गळ्यातल्या वाट्या सुलट्या होत्या. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "तीनदा परत पाठवावं लागलं तुला. हुशार म्हणे आमच्या घरातली."

"ताई, काय झालंय?"

"पंधराव्या दिवशी त्याचा फोन आला. तिकडे त्याचं आधीपासून आहे कुणीतरी. लग्न आईवडलांच्या हट्टापायी केलं म्हणाला. येऊ नकोस म्हणाला." ती घड्या घालतच होती. "दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी वाट्या फिरवल्या. म्हणाल्या, येईल तो वळणावर, तोवर माहेरी बोलायचं नाही."

"मला तरी सांगायचंस गं."

"तोंड उघडलं की बाबा दिसायचे. पेढे वाटताना."

"आणि व्हिसा?"

तिने पलंगाची गादी उचलली आणि खालून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मी पानं उलटत गेले. एकाही पानावर शिक्का नव्हता. अकरा महिने तो या खोलीत होता, आणि मी बाहेर बसून पोहे खात होते. मला इतकी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. समोर ही बाई जिवंत गाडली जात होती आणि मी तिला मंगळसूत्राची पद्धत शिकवत होते.

"चल," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

तिने घडी घातलेल्या साड्या पलंगावरच राहू दिल्या. पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या. सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये तीन कप होते. "हे काय, कुठे निघालात?"

ताई अकरा महिने त्या घरात अहो आई, हो आई एवढंच बोलली होती. आताही तिचा आवाज चढला नाही.

"घरी," ती म्हणाली. "माझा चहा आता टाकत जाऊ नका."