सहा आळी

आमच्या घराच्या बाजूला वीस-बावीस फुटांची मोकळी जागा आहे. भूकंपानंतर किल्लारीत नवीन घरं मिळाली, तेव्हा प्रत्येक घराला अशी थोडी जागा सोडलेली होती. कुणी तिथं गोठा बांधला, कुणी पोराच्या लग्नानंतर दोन खोल्या वाढवल्या. आमच्या जागेत मी लग्न होऊन आल्यापासून फक्त धुणं वाळत होतं.

माझे सासरे कृषी सहायक होते. सगळी नोकरी भोकर आणि बिलोलीकडच्या खेड्यांत झाली. शेतकऱ्यांना गोळा करायचं, झाडाखाली उभं राहायचं आणि कोणतं बी किती अंतरावर टोकायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन घरी आले. पुढं सासूबाई गेल्या आणि गुडघेही गेले. दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचे. एका संक्रांतीनंतर त्यांनी कुण्या माणसाचा भोपळा लावण्याचा व्हिडिओ बघितला आणि ते इतके चिडले, की चहा तसाच निवला.

"ह्याला काय येतंय? एवढ्या जवळ आळी करतेत का कुठं?" ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "बाई, आपण लावू. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात. कसं लावायचं ते मी सांगतो."

आपण म्हणजे मी. माझा नवरा साखर कारखान्यात आहे आणि त्या दिवसांत गाळप चालू असतं. तो रात्रपाळी करून यायचा आणि सकाळी झोपायचा. त्याला मी सांगितलं तर म्हणाला, "म्हाताऱ्याचं मन रमेल, कर की थोडं."

त्या वर्षी मी शिक्षक पात्रता परीक्षेला बसणार होते. औशाला एका खाजगी शाळेत मी शिकवते. पगार तुटपुंजा आणि नोकरी दरवर्षी नव्यानं. ती परीक्षा पास झाल्याशिवाय पुढं काही नाही. अभ्यासाला मला दिवसात एकच तास मिळायचा, पहाटे पाच ते सहा. त्या तासात कुणी पाणी मागत नाही, कुणी भाकरी मागत नाही. हे मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. सासऱ्यासमोर बोलायची सवय नव्हती, म्हणून "बरं मामा" म्हणाले.

पहिल्या रविवारी आळी, म्हणजे बी लावायचे खड्डे, खणली. मामांनी खुर्ची बाहेर आणायला लावली, मांडीवर टेप घेतला आणि दोरी मला धरायला दिली. एरवी आमच्यासारखंच बोलणारा हा माणूस सल्ला द्यायला लागला की त्याची भाषाच बदलायची.

"दोन ओळी. प्रत्येक ओळीत तीन आळी. दोन आळ्यांमधील अंतर दोन मीटर. आळ्याची लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी दीड फूट."

फूटभर खाली मुरूम लागला. टिकाव आपटला की ठिणगी उडायची. तिसरं आळं खणून झालं तेव्हा मामांनी टेप लावायला सांगितला. ते अर्धा फूट अलीकडं आलं होतं.

"मामा, अर्ध्या फुटानं काय होतंय?"

"बुजव ते. दोन मीटर म्हणजे दोन मीटर."

मी बुजवलं आणि पुन्हा खणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत हाताला फोड आलेले, खडू धरता येईना. सातवीच्या वर्गाला मी फळ्यावर काही न लिहिता गणित शिकवलं.

मग खतं. शेणखत, वाळलेला पाला, निंबोळी पेंड आणि माती असं सगळं कालवून आळी भरली. प्रत्येक आळ्यात एक मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुताची वात घालायची. मडक्यात पाणी ओतलं की वातीवाटे मुळाशी झिरपत राहतं, वाया जात नाही. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळं ही युक्ती मला पटली. पण भोक पाडताना दोन मडकी फुटली आणि मी खिळा-हातोडी घेऊन अंगणात बसलेली असताना शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, उकिरड्यावर बी फेक. भोपळा काय लाडानं येतोय व्हय?"

मामांनी ते ऐकलं. दोन दिवस ते काकूंशी बोलले नाहीत.

बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, मोड आणून प्रत्येक आळ्यात दोन-दोन टोकलं. चौथ्या दिवशी खारींनी सगळं उकरून खाल्लं. एक दाणा ठेवला नाही. मामा म्हणाले, आता रोपं करून लावू, कागदी कपात. मी औशाच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी जाऊन वापरलेले कप मागून घेतले. तिथं माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना माहीत, मॅडम उष्टे कप गोळा करतात.

रोपं चांगली आली. दोन पानांवर आली तेव्हा आळ्यांत लावली आणि आठवड्यात लाल भुंगे आले. पानांची चाळण करून टाकली. मामांनी औषध फवारू दिलं नाही. "भुंगे पहाटे सुस्त असतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. नंतर पानांवर राख धुरळावी." पहाटे, म्हणजे पाच ते सहा. एका हातात मोबाइलचा उजेड, एका हातात डबडं, मी पानं उलटी करकरून भुंगे वेचत होते. बालमानसशास्त्राचं पुस्तक ओसरीवर पडलेलं असायचं. राख हाताला लागलेली, पुस्तक उघडलं की पानावर ठसे. आधी मी हात धुऊन बसायचा प्रयत्न केला. नंतर पुस्तक बाहेर आणणंच सोडून दिलं.

फाल्गुनात वेल फुलले. पिवळी धमक मोठी फुलं, रोज दहा-बारा. मला वाटलं सुटले. तर ती सगळी नर फुलं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, तसं एकही नव्हतं. मामा म्हणाले, "थांब. आधी नर येतेत." थांबले. पंधरा दिवस नुसती नर फुलं येऊन सुकून गेली. काकूंनी त्यांची भजी करायला सांगितली. मी केली, आणि मामांनी ती खाल्ली नाहीत.

मादी फुलं आली त्याच आठवड्यात सकाळची शाळा सुरू झाली. आता साडेसहाची काळीपिवळी जीप पकडायची होती. आणि मादी फूल उमलतं सहाच्या सुमाराला. इकडं मधमाश्या फारशा दिसत नव्हत्या. त्यामुळं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हळूच फिरवायचा, हे काम हातानंच करायचं होतं. ऊन चढलं की फूल मिटतं, म्हणजे दुपारी येऊन करायची सोय नाही.

मामा त्या वेळेला लिंगपूजेला बसायचे. पूजेत बोलत नसत. पण त्यांची जागा खिडकीपाशी होती आणि मी बाहेर काय करते ते त्यांना दिसायचं. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात बेल, आणि हनुवटीनं मला दाखवायचे, तिकडं, त्या पानाखाली. मी तिकडं वाकले की मान हलवून, तिथं न्हाई, पलीकडं. जीप खाली रस्त्यावर हॉर्न वाजवत असायची. तीनदा माझी जीप चुकली. तीन उशिरांची एक रजा मांडतात आमच्याकडं. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "घरी काही अडचण आहे का?" काय सांगणार? भोपळ्याला फळ धरत नाही सर?

आणि धरलेली फळंही टिकेनात. लिंबाएवढी झाली की पिवळी पडून गळायची. मामा रोज संध्याकाळी विचारायचे, "किती गळाले?" मी आकडा सांगायचे. त्यावर ते जुनी वही काढायचे, चष्मा लावून वाचायचे आणि काहीतरी नवीन सांगायचे. शेंडे खुड. मडक्यातलं पाणी कमी कर. पाणी वाढव.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा शाळेतल्याच एका बाईंनी मोबाइलवर बघून सांगितला. मी नापास झाले होते, तेही फार थोड्या गुणांनी. भरपूर गुणांनी पडले असते तर एवढं लागलं नसतं.

घरी येऊन भाकरी केल्या, मामांना वाढल्या. त्यांनीच विचारलं, निकाल आज होता ना. मी सांगितलं.

त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "पहाटं तर उठतीस तू. वेळ कुठं जातो तुझा?"

माझ्या हातात तव्यावरची भाकरी होती. ती मी परातीत टाकली.

"तुमच्या भोपळ्यात जातो मामा," मी म्हणाले. आवाज एवढा चढला की आतल्या खोलीत झोपलेला नवरा उठून बसला. "भुंगे वेचण्यात जातो. कप गोळा करण्यात जातो. अर्ध्या फुटासाठी आळं बुजवण्यात जातो. तुम्ही खुर्चीवर बसून सांगता, दोन मीटर, दीड फूट. तुम्ही स्वतः कधी एक भोपळा लावलाय का? सांगा, कधी लावलाय?"

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "न्हाई."

मी तवा खाली उतरवला.

"कधीच न्हाई लावला," ते म्हणाले. "कागद यायचा तालुक्याहून, तसं सांगायचो. लोक हाव म्हणायचे. मागून कसं लावत होते, मी बघायला गेलो न्हाई."

त्यांनी ताट पूर्ण केलं, हात धुतला आणि ओसरीवर जाऊन बसले. नवरा मला म्हणाला, "एवढं बोलायची गरज होती का?" मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मन मोकळंही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलेच नाही. अंथरुणात पडून होते तेव्हा बाहेर काठीचा आवाज आला, मग मातीत काहीतरी घसरल्याचा. धावत गेले. मामा चौथ्या आळ्याशी खाली बसले होते. हातात नर फूल, आणि ते दुसऱ्या नर फुलात घासत होते.

"मामा, ते नर आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांना उठता येईना. गुडघे आखडले की लाकडासारखे होतात. मी काखेत हात घालून उचलायला गेले तर दोघंही कलंडलो. त्या दिवशीही माझी जीप चुकली.

पण तेव्हापासून ते रोज जायला लागले. मी त्यांना धुण्याचं बुटकं स्टूल दिलं. पूजेची वेळ त्यांनी पुढं ढकलली. फुलांचं काम त्यांनी घेतलं, भुंगे वेचण्याचंही. मी पुन्हा पुस्तक काढलं, पुढच्या परीक्षेसाठी. निवांत अभ्यास झाला असं मात्र नाही. दर चार मिनिटांनी बाहेरून हाक यायची. "बाई, ही मादी हाय का बघ की!" "बाई, हितं एक धरलंय वाटतं!" "बाई, लई मोठा भुंगा हाय, ये जरा!" एकदा मी उत्तरच दिलं नाही, तर खिडकीवर काठी वाजवली.

सहा आळ्यांत मिळून पाच भोपळे मोठे झाले. त्यातल्या दोनांत फळमाशीनं अंडी घातली आणि ते आतून सडले. उरलेले तीन वैशाखात देठ वाळल्यावर उतरवले. नवऱ्यानं एक उचलून फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बाबांची शेती. पुण्याहून, उदगीरहून सगळ्यांनी मामांना शाबासकी दिली. मामांनी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकही भोपळा काकूंना द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी एक मोठी फोड कापून नेऊन दिली. त्यांच्या उकिरड्यावर तेव्हा सात भोपळे लागले होते.

आता पावसाळ्यात दुधी लावायचा विचार आहे, असं मामा म्हणाले. मी म्हणाले, लावा. आळी खणायला गडी लावा आणि सहाच्या आत मला हाक मारायची नाही. त्यांनी मान्य केलं. तिसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी दारावर काठी वाजली. मडक्याला भोक पाडायचा खिळा सापडत नव्हता.